साडेचार इंच

टेपचं दुसरं टोक म्यूरियल टक्सवर्थ बाईंनी धरलंय.
वय एक्याऐंशी, हात माझ्याहून स्थिर.
बाहेर लिंकनशरची सपाट काळी माती,
पाण्याचे चर, बिटाची शेतं, आणि वारा,
ज्याच्या आड यायला गावात दोनच गोष्टी:
चर्चचा मनोरा आणि ही पोलीसचौकी.

बांधकाम १८६८. लाल वीट, पाटीच्या दगडाचं छप्पर,
एकाच दर्शनी भिंतीला दोन दारं.
उजवं रुंद, वर दगडात कोरलेलं "पोलीस".
डावं अरुंद, वर काहीच नाही.
"आम्ही डावीकडचे," बाई म्हणतात.
"पण दिवा उजवीकडे होता, निळ्या काचेचा.
आमच्या पायरीवर त्याची उरलीसुरली निळाई पडायची."
मी लिहितो: दिव्याचा कंस, ओतीव लोखंड, गंजलेला.

कचेरी बारा बाय दहा.
स्वयंपाकघर तेवढंच.
मधल्या भिंतीत ताटाएवढी झडप.
तिच्यातून कैद्याचं जेवण जायचं,
जेवणामागे चार पेन्स, हिशेब वडिलांच्या वहीत.
रांधणारीचं नाव वहीत कुठे नाही.
वडील सायकलवरून गस्तीला गेले
की चौकी म्हणजे तीच:
पिठाच्या हातांनी हरवलेल्या मेंढ्या लिहून घ्यायची.

कोठडी. विटांची कमानदार पाठ,
एल्मची फळी, दाराला बाहेरून दोन अडसर.
आता आत सफरचंदं,
जुन्या वर्तमानपत्रावर सुटी सुटी मांडलेली.
"एकमेकांना टेकली की नासतात."

पण माझा ताळा जमत नाही.
बाहेरून चौतीस फूट दोन इंच.
आतल्या खोल्या आणि भिंती मिळवल्या
की साडेचार इंच कुठे तरी गडप.
पुन्हा मोजतो. पुन्हा तेच.
कोठडी आणि मागची निजायची खोली,
मूळ नकाशात यांच्यामधली भिंत नऊ इंच आहे.
खिडकीच्या खाचेत टेप सारून बघतो.
साडेतेरा.

बाई टेप सोडत नाहीत.
"सेथमामा," म्हणतात.
"आईचा धाकटा भाऊ. कुणाची तरी गंजी पेटवली.
वडिलांनीच धरून आणला, दुसरं कोण आणणार?
सकाळी लिंकनला न्यायचा होता.
रात्रभर तो भिंतीवर बोटांनी वाजवत राहिला,
लहानपणी दोघं माळ्यावर खेळायची, त्यातली काही खूण.
आई इकडून उत्तर देत होती.
वडील दोघांच्या मधे झोपले होते.
म्हणजे, डोळे मिटून होते.
मी सहा वर्षांची, पायथ्याशी. मोजत होते.
शंभरानंतरचे आकडे मला येत नव्हते."

पुढच्या जूनमध्ये वडिलांनी
स्वतःच्या पगारातून विटा आणल्या,
आणि निजायच्या खोलीच्या अंगाने
त्या भिंतीला आणखी एक भिंत लावली.
भिंतीला कान असतात म्हणतात.
त्यांचे की स्वतःचे, कुणाचे कान बुजवत होते ते,
बाईंनी कधी विचारलं नाही.
आईनंही नाही.
तिनं गारा कालवून दिला.

"हे तुमच्या कागदावर येणार?"
"यावं लागेल."
"बांधणाऱ्याचं नाव?"
मी लिहितो: कॉन्स्टेबल इनॉक टक्सवर्थ, जून १९११.
त्या चष्मा पुसून वाचतात.
"आणि हेप्झिबा. गारा तिचा."
शेजारी जागा नव्हती,
समासात लिहिलं, बाण काढून.

मग मला कोठडीत उभं करून
त्या पलीकडे गेल्या.
मी सफरचंदांच्या वासात, कमानीला कान लावून.
वाऱ्यानं छपराची एक पाटी हलली.
बाकी काही नाही.

"आलं ना ऐकू?" दाराशी येऊन विचारतात,
बोटांची पेरं चुन्यानं पांढरी.

मी वहीत बघत मान हलवली, धड हो नाही, धड नाही नाही,
आणि दोन रेघांच्या मधली ती गाऱ्याची फट
पेन्सिलीनं जरा गडद केली.